माणूस म्हणजे खुंटी नव्हे



संध्याकाळी कॉलेज रोडने किंवा गंगापूर रोडने जाताना कपड्यांच्या, दागिन्यांच्या आणि अत्तरांच्या जाहिरातींचे मोठमोठे फलक दिसतात. त्यांतल्या एखाद्या फलकाविषयी मिस्सा संपल्यावर आवारात तक्रार ऐकू येते, "फादर, काय हे दाखवतात! बरोबर लहान मुले असतात." तरुण मंडळींचे म्हणणे वेगळे असते, "फादर, खोट बघणाऱ्याच्या नजरेत असते. ज्याला नको त्याने बघू नये." दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक आहेत. मग सुरुचीची सीमा नेमकी कुठे आखायची? की ती आखताच येत नाही? आज या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू या.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावरचा सर्वांत गाजलेला वाद १९९५ साली झाला. ‘टफ’ नावाच्या बुटांची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे या दोन मराठी मॉडेलांचे ते छायाचित्र होते. दोघांच्या अंगावर कपडे नव्हते. पायांत बूट होते आणि भोवती एक अजगर होता. छायाचित्रकार होते प्रबुद्ध दासगुप्ता, त्या क्षेत्रातले मोठे नाव. जाहिरात येताच मुंबईत गदारोळ उठला, निदर्शने झाली आणि अश्लीलतेचा खटला दाखल झाला. अजगराच्या वापराबद्दल वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही तक्रार झाली. हे प्रकरण तब्बल १४ वर्षे रेंगाळले आणि २००९ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले.

चौदा वर्षे! तेव्हा पहिलीत असलेले मूल निकाल लागेपर्यंत कॉलेज पार करून गेले. एवढ्या काळात समाजाला या प्रश्नाचे उत्तर मिळाले का? मला वाटते, नाही मिळाले. कायदा फक्त एवढेच सांगू शकतो की अमुक गोष्ट गुन्हा आहे किंवा नाही. जे गुन्हा नाही ते सारे चांगलेच, असे मात्र कायदा म्हणत नाही. शेजाऱ्याच्या दुःखावर हसणे हा गुन्हा नाही, पण ते शोभत नाही, हे आपण सगळे जाणतो.

न्यायालयेही या बाबतीत एका जागी थांबलेली नाहीत. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला होता. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, आणि अश्लीलतेच्या कल्पना समाजाप्रमाणे व काळाप्रमाणे बदलतात हे मान्य केले. २०१४ साली याच न्यायालयापुढे टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची सावळ्या वर्णाची वाग्दत्त वधू यांच्या विवस्त्र छायाचित्राचे प्रकरण आले. ते छायाचित्र वर्णद्वेषाच्या विरोधात होते. चित्र सुटे पाहू नये, त्यामागचा संदेश आणि संदर्भही पाहावा, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर सोपे असते. कापड मोजायचे. अंग झाकलेले असेल तर सभ्य, उघडे असेल तर असभ्य. पण हे मोजमाप आपल्याच देवघरात टिकत नाही. रोममधल्या सिस्टाईन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोने रंगवलेला ‘अंतिम न्याय’ १५४१ साली पूर्ण झाला. त्यात संतांची आणि मृतांची शरीरे विवस्त्र होती. काही वर्षांनी दुसऱ्या एका चित्रकाराला बोलावून त्यांतल्या अनेकांवर वस्त्रे रंगवून घेण्यात आली. पुढे १९९० च्या दशकात चित्रांची साफसफाई झाली, तेव्हा नंतरच्या काळात चढवलेली काही वस्त्रे पुसून टाकण्यात आली. १९९४ साली त्या चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या स्थळाचे वर्णन मानवी शरीराच्या ईशज्ञानाचे मंदिर असे केले. दूर रोमला तरी कशाला जायचे? आपल्या वेदीवरचा क्रूस पाहा. सैनिकांनी ज्याचे कपडे वाटून घेतले, त्याचे ते शरीर आहे. ते पाहून कुणाच्याही मनात वावगे येत नाही. आपले हात जोडले जातात.

म्हणजे उघडे शरीर हे मुळात वाईट नव्हे. आता याची दुसरी बाजू पाहू. जिच्यात सगळे पूर्ण कपड्यांत आहेत, अशी जाहिरात वाईट असू शकते का?

‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ साली बाजारात आले आणि घराघरांत पोहोचले. त्याची एक जाहिरात अनेकांना आठवत असेल. घरची परिस्थिती बेताची. मुलगा नाही म्हणून वडील हळहळतात. सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, गोरी होते, हवाईसुंदरीची नोकरी मिळवते, आणि मग वडिलांना तिचा अभिमान वाटतो. या जाहिरातीत आक्षेप घ्यावा असा एक इंचही देह दिसत नव्हता. आपण ती मुलांना मांडीवर घेऊन जेवताना पाहिली. कुणी चॅनेल बदलले नाही. महिला संघटनांनी मात्र आवाज उठवला, आणि २००३ साली ही जाहिरात बंद झाली. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेने गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींसाठी नियम केले. सावळ्या रंगाची व्यक्ती दुःखी किंवा कमनशिबी दाखवायची नाही, असा त्यांचा आशय होता. २०२० साली त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलायला ४५ वर्षे लागली.

आता मला सांगा, आपल्या धर्मग्रामातल्या सावळ्या मुलीला कोणत्या जाहिरातीने जास्त जखम केली? अजगराच्या की क्रीमच्या? अजगराची जाहिरात पाहून तिने फार तर मान वळवली असेल. क्रीमच्या जाहिरातीने तिला आरशासमोर उभे केले आणि ‘तू आहेस तशी पुरेशी नाहीस’ असे सांगितले. म्हणून कापड मोजण्याची पट्टी आपण खाली ठेवू या. ती भलतीकडेच लागते.

मग तरुण म्हणतात तेच खरे का? सुरुची ज्याची त्याची, बघणाऱ्याने ठरवावी? हेही पूर्ण पटत नाही. २०२२ सालच्या जूनमध्ये ‘लेयर शॉट’ नावाच्या अत्तराच्या दोन जाहिराती दाखवण्यात आल्या. एकीत दुकानात एका तरुणीच्या मागे चार पुरुष उभे असतात आणि आपसांत असे काही बोलतात की ती भीतीने गोठते. मग कळते की ते शेल्फवरच्या शेवटच्या बाटलीविषयी बोलत होते. सामूहिक बलात्काराची भीती हाच त्या विनोदाचा आधार होता. देशभर संताप उसळला, केंद्र सरकारने जाहिराती काढायला लावल्या आणि कंपनीने माफी मागितली. त्या वेळी ‘ज्याची त्याची आवड’ असे कुणी म्हटल्याचे मला तरी स्मरत नाही. काही गोष्टी शोभत नाहीत हे आपल्याला आतून कळते. ते का कळते, हे तेवढे शोधायचे राहते.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात यासाठी एक सुंदर शब्द आहे, औचित्य. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या क्षेमेंद्राने त्यावर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की दागिना योग्य जागी असेल तरच शोभतो. कमरपट्टा गळ्यात घातला किंवा पैंजण हातात घातले तर लोक हसतील. त्यात दोष दागिन्याचा नसतो. जागा चुकलेली असते.

हाच विचार माणसाला लावून पाहा. माणसाची योग्य जागा कोणती? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने अठराव्या शतकात सांगितले की माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. पोप होण्यापूर्वी कॅरोल वॉयतिला यांनी १९६० सालच्या आपल्या ‘प्रेम आणि जबाबदारी’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. प्रेमाच्या विरुद्ध टोकाला त्यांनी वापर ठेवला. व्हॅटिकनने १९९७ साली जाहिरातींच्या नीतिमत्तेवर एक पत्रक काढले. जाहिरात ही गोष्ट मुळात चांगलीही नाही आणि वाईटही नाही, असे त्यात म्हटले आहे. सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि समाजाविषयीची जबाबदारी या तीन कसोट्यांवर ती तपासायची.

साध्या भाषेत सांगायचे तर खुंटी भिंतीवर टोपी अडकवण्यासाठी असते. माणूस खुंटी नव्हे. माल अडकवायला जागा हवी म्हणून जिथे माणसाचे शरीर, त्याची भीती, त्याचे दुःख किंवा त्याचा कमीपणा वापरला जातो, तिथे सुरुचीची सीमा ओलांडली जाते, मग कापड कितीही असो.

यावर कुणी विचारील, "फादर, मॉडेलचा तर तो व्यवसाय. त्यांनी राजीखुशीने काम केले, पैसे घेतले. मग वापर कसला?" प्रश्न योग्य आहे. शिंप्याकडून आपण कपडे शिवून घेतो, तोही एक अर्थाने वापरच. पण तिथे आपण त्याचे कौशल्य घेतो, आणि त्या कौशल्याचा कपड्याशी संबंध असतो. साडी नेसलेली स्त्री साडीच्या जाहिरातीत शोभते, कारण साडी कशी दिसते हे तिच्यामुळे कळते. दोन माणसांच्या जवळिकीचा बुटाशी काय संबंध? ते छायाचित्र कलेच्या दालनात लावले असते तर वेगळ्या नजरेने पाहता आले असते. बुटाच्या जाहिरातीत त्या जवळिकीला दुकानदाराचे काम लावले गेले. म्हणून माझ्या मते ते आरोपी सुटले हे योग्यच झाले, तरीही ती जाहिरात सुरुचीची नव्हती. ही दोन्ही मते एकत्र बाळगता येतात.

काही उदाहरणे खरोखर अवघड असतात. १९९२ साली बेनेटन या इटालियन कपड्यांच्या कंपनीने एड्सने मृत्युशय्येवर असलेल्या डेव्हिड कर्बी या तरुणाचे छायाचित्र जाहिरातीत वापरले. वडील त्याला कवटाळून बसले आहेत. कुटुंबाने परवानगी दिली होती, जगाला या रोगाचे दुःख कळावे म्हणून. पुष्कळ लोकांना ते चित्र पाहून खरोखर कणव आली असेल. तरीही कोपऱ्यात स्वेटर विकणाऱ्या कंपनीची हिरवी चौकट होती. ही करुणा की व्यापार? बहुधा दोन्ही. इथे माणसे वेगवेगळ्या निर्णयांवर येतील, आणि त्यासाठी भांडू नये.

आणखी एक सावधगिरी आपण ख्रिस्ती लोकांनी बाळगायला हवी. २०११ साली याच कंपनीने पोप बेनेडिक्ट सोळावे आणि कैरोच्या अल-अझहरचे इमाम एकमेकांचे चुंबन घेत असल्याचे बनावट चित्र काढले. व्हॅटिकनने निषेध केला, कंपनीने ते मागे घेतले आणि २०१४ साली माफी मागितली. आपल्याला ते लागले, आणि लागण्यासारखेच होते, कारण दोन जिवंत माणसांचे चेहरे त्यांना न विचारता वापरले होते. पण ‘माझ्या भावना दुखावल्या’ एवढे कारण पुरत नाही. भावना तर सगळ्यांच्याच दुखावतात. २०२१ साली सब्यसाची यांच्या मंगळसूत्राच्या जाहिरातीवर भावना दुखावल्या म्हणून मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी २४ तासांची मुदत दिली आणि ती जाहिरात मागे घेतली गेली. धमकीने जाहिरात उतरते, पण सुरुची वाढत नाही. उलट आरडाओरड्याने माल आणखी प्रसिद्ध होतो. १९९५ सालचे ते बूट आपल्यापैकी किती जणांनी पाहिले होते? नाव मात्र आजही लक्षात आहे.

मग करायचे काय? जाहिरात खरोखर माणसाला खाली ओढत असेल तर मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेकडे सभ्य भाषेत तक्रार करता येते. ही संस्था १९८५ पासून काम करते आहे. तो माल न घेणे हाही एक मार्ग आहे आणि दुकानदाराला तो लगेच कळतो. मुलांबरोबर असताना असा फलक दिसला तर त्यांचे डोळे झाकण्यापेक्षा त्यांना विचारा, "इथे काय विकताहेत? आणि त्यासाठी कुणाला वापरलंय?" सात-आठ वर्षांचे मूलही त्याचे उत्तर देऊ शकते.

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. क्रीम विकणाऱ्यांनी गोरेपणाचा हव्यास शोधून काढला नाही. तो आपल्या बैठकीच्या खोलीत आधीच बसलेला होता. बारशाला आलेली आत्या बाळाचे कान पाहून मोठेपणी रंग कसा होईल ते सांगते. ‘गोरी, शिकलेली, कॅथोलिक वधू पाहिजे’ हीसुद्धा जाहिरातच आहे, आणि ती आपण लिहितो. त्या एका शब्दाने किती मुली मिस्साला मागच्या बाकावर जाऊन बसल्या असतील, देव जाणे.

म्हणून पुढच्या रविवारपासून आपल्या या पत्रकातील वधू-वर सूचनांमध्ये वर्णाचा उल्लेख छापला जाणार नाही. वय, शिक्षण, नोकरी, गाव आणि धर्मग्राम एवढे अवश्य लिहा. कुणाला अडचण वाटली तर मिस्सानंतर मला जरूर भेटा, आपण बोलू.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू