चौथा हिस्सा

पोकेमॉनच्या खेळात ‘सब्स्टिट्यूट’ नावाचा एक डाव आहे. १९९६ साली जपानात पहिला खेळ आला तेव्हापासून तो आहे. लढणारा प्राणी आपल्या पूर्ण प्राणशक्तीचा चौथा हिस्सा काढून देतो. त्यातून एक बाहुली उभी राहते. पुढचे घाव ती झेलते.

मुले हा डाव सहज खेळतात. मोठ्या माणसाला तो ओळखीचा वाटतो.

घाव पडण्याआधीच किंमत मोजावी लागते. समोरचा कदाचित मारणारही नसतो. भीतीचा व्यवहार नेहमी रोखीचा.

कोलकात्याने ही किंमत १७४२ मध्ये मोजायला घेतली. नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीतल्या रहिवाशांनी स्वखर्चाने शहराभोवती खंदक खणायला सुरुवात केली. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाला. मराठे आले नाहीत आणि काम थांबले. खंदकाला नाव मात्र मराठ्यांचेच पडले. बागबाजारात त्या नावाची गल्ली आहे. न आलेल्या शत्रूचे इतके टिकाऊ स्मारक क्वचितच कुठे असेल.

जून १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला आला. त्याला खंदकाने अडवले नाही. खंदक एका शत्रूसाठी खणला होता. दुसऱ्याला ते कोणी कळवले नव्हते.

खेळात शेडिंजा नावाचा एक प्राणी आहे. त्याची प्राणशक्ती फक्त एक. एकातून चौथा हिस्सा निघत नाही, म्हणून त्याला बाहुली करता येत नाही. खंदकाबाहेर बर्दवान आणि बीरभूमची गावे होती. तिथल्या विणकराने काय खणायचे होते? तो पळाला. अनेकजण हुगळी ओलांडून कोलकात्याच्या बाजूला आले आणि तिथलेच झाले. बचाव ही शिल्लक असणाऱ्यांची सोय आहे. उरलेल्यांपाशी पाय असतात.

बाहुलीचे नियम बारकाईने केलेले आहेत. तिच्यात अंशभर जीव उरला असला तरी मोठ्यात मोठा घाव ती एकटी पिते. मागच्यापर्यंत काही पोचत नाही. माणसांच्या जगात हा नियम नाही. दुसरा नियम आहे. बाहुली उभी करण्यापूर्वी अंगात भिनलेले विष तिच्या आडोशालाही आपले काम करत राहते. भक्कम दाराआड खंगत गेलेली माणसे पाहिली की हा नियम खेळ करणाऱ्यांनी कुठून घेतला असेल ते कळते.

२०१३ मध्ये आणखी एक नियम आला. तेव्हापासून आवाजाचे वार बाहुलीला भेदून जातात.

मराठ्यांचे बारगीर, म्हणजे घोडेस्वार, कोलकात्यात शिरले नाहीत. अंगाई शिरली. बंगाली आया लेकरांना निजवताना आजही बर्गींचे, म्हणजे त्याच बारगीरांचे, नाव घेतात. त्या अंगाईत रक्त नाही, जळणारी गावेही नाहीत. पाखरांनी धान खाल्ले, आता सारा कशाने भरायचा, एवढाच घोर आहे. खंदक बुजला. तो घोर अजून गायला जातो. तलवारीपेक्षा हिशेब माणसाला जास्त काळ घाबरवतो.

बाहुलीची किंमत नेमका चौथा हिस्सा असावी, हा योगायोग. मराठी माणूस तिथे थबकतो. चौथाई, म्हणजे मुलखाच्या वसुलीचा चौथा हिस्सा, आपण शाळेत शिकलो ती घेणाऱ्याच्या बाजूने. नकाशावर बाण पूर्वेकडे जात आणि ऊर भरून येई. बाणाच्या टोकाशी कोण उभे होते, हे परीक्षेत विचारत नसत.

बंगालचा तेव्हाचा नवाब अलिवर्दीखान याने ३१ मार्च १७४४ रोजी भास्कररामांना बोलणीसाठी बोलावले आणि छावणीतच त्यांना व त्यांच्या सरदारांना मारले. दग्याने माणूस मरतो. मागणी मरत नाही. रघूजी भोसले पुन्हा आले. १७५१ मध्ये त्याच नवाबाने सालीना बारा लाख चौथाई कबूल केली.

खेळातला प्राणी चौथा हिस्सा बाहुलीला देतो. नवाबाने तो मारणाऱ्यालाच दिला. देणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच असते: उरलेल्या तीन हिश्श्यांत सुखाने झोप यावी. घेणारा मात्र याला पराक्रम म्हणतो. काही दिवसांनी हक्क म्हणतो. हक्क झाला की त्याला तो आपल्याच कमाईसारखा वाटू लागतो, आणि मग एखादे साल चुकले तर अन्याय त्याच्यावर होतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी चौथाईचे नाते इंग्रज गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या तैनाती फौजेशी जोडले. मराठ्यांनी जे केले तेच पुढे इंग्रजांनी केले, असे त्यांना दाखवायचे होते. तुलना अभिमानाने केलेली आहे. नीट वाचली तर ती अस्वस्थ करते.

वेलस्ली कोलकात्यात बसून राज्य करत होता. त्याच्याच काळात, १७९९ मध्ये, मराठा खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. शहराला आता मराठ्यांची भीती उरली नव्हती. भीती कुठे जात नाही. ती बाजू बदलते. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईला इंग्रजांशी केलेल्या तहावर सही केली. कंपनीची सहा हजारांची तैनाती फौज पेशव्याच्या रक्षणासाठी राहणार होती. तिच्या खर्चासाठी त्याने सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला.

फौजेने शब्द पाळला. होळकर पुण्यात पुन्हा बसला नाही. शिंदे, भोसले एकेक करून हरले. भोसल्यांच्या हातून कटक गेले, आणि ज्या वाटेने बारगीर बंगालात उतरत ती वाट कंपनीची झाली. बाजीरावाने पुण्यात यज्ञ केले, दक्षिणा वाटली, वाडे बांधले. आडोशाला बसलेल्याचे दिवस असेच जातात. बाहेर कोणाचे राज्य आहे हे पाहण्याचे कारण पडत नाही. पडले तेव्हा, १८१७ मध्ये, खडकीला त्याला लढावे लागले ते आपल्याच पैशाने उभ्या राहिलेल्या सत्तेशी.

१८१८ मध्ये तो शरण आला. सालीना आठ लाखांची नेमणूक ठरली आणि मुक्कामाला बिठूर मिळाले. फौज पुण्यातच राहिली.