चौकटीतलं वजन

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत, रूट १० या वाहत्या रस्त्यालगत, ओंडक्यांनी बांधलेलं एक घर आहे. ‘क्राफ्ट्समन फार्म्स’ हे त्या जागेचं नाव. फर्निचरकार गुस्ताव स्टिकलीने १९११ साली ते उभारलं आणि १९१५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. पुढे १९८९ मध्ये स्थानिक टाउनशिपने ही जागा ताब्यात घेतली; आता तिथे संग्रहालय आहे. अशा देखण्या घराचा फोटो काढताना बहुतेक जण एकच करतात. बरोबर समोर उभं राहायचं, घर मधोमध घ्यायचं, दोन्ही बाजूंना सारखी हिरवळ ठेवायची. चुकत काहीच नाही. फक्त तो फोटो मालमत्तेच्या कागदपत्रांना जोडायला काढल्यासारखा दिसतो.

तोच माणूस थोडा बाजूला सरकला, घर चौकटीच्या डाव्या अंगाला गेलं आणि उजव्या टोकाशी लाल जाकिटातलं एखादं पोर एकटंच उभं राहिलं, तर? आकाराने पोर घराच्या पासंगालाही पुरत नाही. तरी चित्र डावीकडे कलंडत नाही.

याचा उलगडा पार्सिपनीपासून फार लांब न राहणाऱ्या एका चित्रकाराने करून ठेवला आहे. हेन्री रँकिन पूअर हा जन्माने न्यूअर्कचा, पुढे ऑरेंज गावात राहिलेला. १९०३ साली त्याने चित्ररचनेवर पुस्तक लिहिलं, आणि ते चित्रकारांइतकंच हौशी छायाचित्रकारांसाठीही लिहिलं. समतोल म्हटलं की आपल्याला वाण्याचा तराजू आठवतो: दोन सारखी पारडी, दोन सारखी वजनं. पूअरने दाखला दिला तो आखूड-लांब दांडीच्या काट्याचा. त्यात आधाराजवळचा जड माल लांब टोकाला सरकवलेलं छोटं वजन पेलून धरतं. चित्रातही मध्याजवळच्या मोठ्या आकाराला कडेचा लहानसा आकार तोलतो. तो एकटा असला तर जास्तच. गर्दीतलं पोर हलकं, मोकळ्या हिरवळीवरचं पोर जड. म्हणजे रिकामी जागा वाया जात नाही, वजन वाढवण्याचं काम तीच करते.

मग मधोमध मांडणी टाकाऊ का? मुळीच नाही. मराठी घरातला जुना स्टुडिओतला फोटो पाहावा. आजी-आजोबा खुर्च्यांवर मध्ये, मुलगे-सुना मागे, नातवंडं पुढे सतरंजीवर. तिथे सममिती म्हणजे घरातला मान असतो. कोणाच्या आधाराने घर उभं आहे, ते फोटोच सांगतो. गणपतीची मूर्तीही समोरून दर्शनासाठीच घडवलेली असते. अमेरिकेतल्या घरी मखराचा फोटो तिरका काढून कलात्मकता दाखवायला जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. आरतीत रंगलेल्या माणसांना मात्र दोन बाजूंना वाटून उभं केलं की आरती संपते आणि कवायत सुरू होते.

वजन नुसतं आकाराचं, रंगाचं नसतं, अर्थाचंही असतं. गिरगावात स्टुडिओ असलेल्या नारायण विनायक विरकरांनी १९१९च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत फोटो काढले. त्यांत भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. क्षेत्रफळ मोजलं तर त्या खुणा किरकोळ. तरीही अख्खी भिंत आणि तिच्याजवळची माणसं मिळून त्यांना तोलू शकत नाहीत. छायाचित्र त्यांच्याकडे झुकतं, आणि ते झुकायलाच हवं. ते सावरून घेणं हा खोटेपणा ठरला असता.

न्यू जर्सीतल्याच होबोकनला १८६४ साली जन्मलेल्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झचं ‘द स्टीअरेज’ हे छायाचित्र आकार आणि अर्थ या दोन्ही टोकांच्या मधलं आहे. १९०७ मध्ये युरोपला निघालेल्या जहाजावर, खालच्या दर्जाच्या प्रवाशांकडे पाहताना त्याला आधी आकार दिसले, असं त्याने बऱ्याच वर्षांनी लिहिलं: गोल स्ट्रॉ हॅट, डावीकडे कललेलं धुराडं, उजवीकडे कललेला जिना, मधला पांढरा पूल. कलणारं डावी-उजवीकडे वाटलं गेलंय आणि ती उजळ टोपी इतक्या गर्दीत आपली जागा राखून आहे. हे चित्र अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांचं म्हणून मिरवलं जातं. जहाज तर उलट दिशेने चाललं होतं. त्या गर्दीचं दुःख त्याने आकारांपुढे बाजूला ठेवलं, हा आक्षेपही निराधार नाही. नेमक्या समतोलाची ती किंमत असू शकते.

एक गंमत घरीच करून पाहता येते. फोटो आरशातल्यासारखा उलटा केला की पुष्कळदा त्याचा तोल बदलतो. कलेच्या मानसशास्त्राचा अभ्यासक रुडॉल्फ आर्नहाइमने १९५४च्या आपल्या ग्रंथात म्हटलं आहे, की उजवीकडची वस्तू डावीकडच्यापेक्षा जड भासते. फोनच्या पडद्यावरची तिनास तीन चौकोनांची जाळी यातलं काही जाणत नाही. वस्तू कुठे ठेवायची ते ती सुचवते. तिचं वजन किती, ते बघणाऱ्यालाच ठरवावं लागतं. त्या जाळीवर भिस्त ठेवून काढलेले सगळे फोटो एकाच वळणाचे निघतात, ते यामुळेच.

पूअरचं पुस्तक आता प्रताधिकारमुक्त आहे आणि ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर चित्रांसह फुकट वाचता येतं. नवी लेन्स मागवण्याआधी त्यातलं समतोलावरचं प्रकरण वाचून पाहावं.