पाहिलं म्हणजे काय केलं?

मराठीत ‘पाहणे’ हे क्रियापद फार राबवलं जातं. आपण वाट पाहतो, भाजी चाखून पाहतो, आजाऱ्याला पाहून येतो, मुलासाठी स्थळ पाहतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं कोण पाहणार याची काळजीही करतो. यातल्या बहुतेक ठिकाणी डोळ्यांचं काम थोडं असतं आणि मनाचं, हातापायांचं जास्त. प्रवासाच्या बाबतीत मात्र हाच शब्द अगदी स्वस्त होतो. ‘पॅरिस पाहिलं’ म्हणायला दीड दिवस पुरतो.

नवा रायपुरातल्या एका व्यवस्थापन संस्थेतून मी एका सत्रासाठी फ्रान्सला गेले होते. सत्राच्या मधल्या सुटीत आम्ही तिघांनी अकरा दिवसांत सात शहरं केली: पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना आणि व्हेनिस. ‘केली’ हा आमचाच शब्द. अष्टविनायक केले, चारधाम केलं, तशी सात शहरं केली. तीन रात्री बसमध्ये नाहीतर आगगाडीत काढल्या, कारण तेवढ्याच तीन रात्रींचं खोलीभाडं वाचत होतं. दुपारचं जेवण म्हणजे दुकानातून घेतलेला पाव आणि चीज. कोणत्या दिवशी कुठल्या संग्रहालयात विद्यार्थ्यांना सवलत आहे याचा तक्ता एकीच्या मोबाइलवर होता आणि सारा प्रवास त्या तक्त्याप्रमाणे चालला होता.

अशा प्रवासावर घेतला जाणारा आक्षेप ठरलेला आहे. ही माणसं धावतात, फोटो काढतात, काहीच पाहत नाहीत. एका शहरात महिनाभर राहावं, तिथल्या बाजारात भाजी घ्यावी, कट्ट्यावर बसावं, म्हणजे शहर कळतं. हा सल्ला चुकीचा नाही. पण तो कोणाला परवडतो हे सल्ला देणारा बहुधा विचारत नाही. महिनाभर राहायला पैसा लागतो आणि मोकळा महिना लागतो. त्याच्याही आधी परवानगी लागते. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्या गावात पाच देशांनी करार केला, म्हणून आज ब्रसेल्स कधी संपलं आणि अ‍ॅमस्टरडॅम कधी आलं हे बसमध्ये झोपलेल्याला कळतही नाही. ही मोकळीक एकदा आत शिरलेल्यांसाठी आहे. आत शिरण्यासाठी भारतातल्या विद्यार्थ्याला बँकेचे कागद, विम्याचे कागद, राहण्याच्या जागेचे कागद आणि परत जाण्याची हमी दाखवावी लागते. शैक्षणिक कर्जावर आलेल्या आणि पुन्हा कधी येता येईल याची खात्री नसलेल्या मुलाला ‘सावकाश पाहा’ म्हणणं सोपं आहे. घाई त्याच्या स्वभावातच असेल असं नाही. बऱ्याचदा ती त्याच्या खिशातून येते.

शिवाय थोडा वेळ पाहिलं म्हणजे उथळ पाहिलं, हे समीकरण आपल्या परंपरेला तरी मान्य नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वारकरी अठरा-वीस दिवस चालतो, मग दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभा राहतो, आणि विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकवायला त्याला काही क्षण मिळतात. पुष्कळांना तेही मिळत नाहीत. ते कळसाकडे पाहून हात जोडतात आणि परतीची वाट धरतात. त्यांना कोणी उथळ म्हणत नाही. आणि ज्यांना आतच येऊ दिलं जात नव्हतं, त्यांचं काय? चोखोबांची समाधी देवळाबाहेर आहे. दलितांना विठ्ठलाच्या देवळात जाता यावं यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. दार पहिल्यांदा उघडल्यावर जो आत जातो, त्याच्या दोन क्षणांचं मोल घड्याळाने काढता येत नाही.

तेव्हा प्रश्न वेगाचा नसावा. मग कशाचा आहे?

त्याचं थोडंसं उत्तर मला बर्लिनमध्ये मिळालं, तेही दोन मित्रांच्या भांडणातून. युरोपातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक तिथे शहराच्या मध्यभागी आहे. पीटर आयझेनमन या वास्तुरचनाकाराने ते आखलं आणि २००५ मध्ये ते खुलं झालं. काँक्रीटचे २,७११ ठोकळे, काही गुडघ्याएवढे, काही माणसाच्या डोक्यावरून जाणारे. त्यांवर नावं नाहीत. आमच्यातला एक जण एका बुटक्या ठोकळ्यावर चढून हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, फोटो काढ. दुसरी म्हणाली, खाली उतर, ही काय जागा आहे का? तो म्हणाला, “चाळीस मिनिटं आहेत आपल्याकडे. फोटो नाही काढला तर घरी काय नेऊ?”

हे भांडण आमच्या आधीही झालेलं आहे. २०१७ मध्ये शाहाक शापिरा या कलावंताने याच स्मारकावर काढलेले लोकांचे हसरे सेल्फी इंटरनेटवरून उचलले आणि त्यांच्या पार्श्वभूमीला छळछावण्यांमधली दृश्यं जोडली. पाहणारे हादरले. आयझेनमन यांना मात्र लोक तिथे बसतात, मुलं लपंडाव खेळतात याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. ही दफनभूमी नाही, इथे माणसांनी आपल्या रोजच्या आयुष्यासकट यावं, असा त्यांचा रोख होता. म्हणजे स्मारक घडवणारा एका बाजूला आणि त्याचं पावित्र्य जपू पाहणारा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य.

मला त्या भांडणात महत्त्वाचं वाटलं ते ‘घरी काय नेऊ’ हे वाक्य. आपण पाहायला जातो तेव्हा काहीतरी घेऊन येण्यासाठी जातो, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. फोटो न काढणारी मैत्रीणही काही घेऊनच येणार होती: आपण गंभीर आहोत, ही जाणीव. दोघांच्याही मनात ते स्मारक आपल्याला काय देतं एवढाच हिशोब होता, आणि उभी राहून ऐकणारी मीही त्याच हिशोबात होते. ती जागा आपल्याकडे काय मागते, हा प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारला नव्हता. तो विचारायला चाळीस मिनिटं पुरली असती. कदाचित चारही पुरली असती.

तो प्रश्न आपणहून पायात येतो, अशीही एक गोष्ट त्याच शहरात आहे. गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने १९९० च्या दशकात फुटपाथांवर पितळी पत्र्याचे छोटे चौकोनी दगड बसवायला सुरुवात केली. लांबीरुंदी जेमतेम दहा सेंटिमीटर. नाझींनी ज्यांना घरातून उचलून नेलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर एकेक दगड. बहुतेक दगडांवरचा मजकूर ‘इथे राहत होते’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतो. मग नाव, जन्मवर्ष, कुठे नेलं, काय झालं. जर्मनीतच नव्हे, तर अनेक देशांत आता असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. आपल्याकडच्या शब्दात सांगायचं तर हे ठेच लागण्याचे दगड. पाय अडखळत नाही, नजर अडखळते. वाचायचं तर वाकावं लागतं, आणि वाकणारा माणूस वाकण्यापुरता तरी थांबतो.

म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक फुटपाथांवर हे दगड बसवू दिले नाहीत. शार्लट नोब्लोख या तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख, आणि लहानपणी लपून वाचलेल्या. मेलेल्यांच्या नावांवर पुन्हा लोकांचे पाय पडावेत हे त्यांना मान्य नव्हतं. हे वाचताना मराठी माणसाला नामदेव पायरी आठवल्याशिवाय राहत नाही. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी महाद्वारातली पायरी मागून घेतली अशी श्रद्धा आहे, आणि तरीही वारकरी त्या पायरीवर पाय देत नाहीत, तिला नमस्कार करून ओलांडतात. नामदेवांचं मागणं आपण होऊन होतं. बर्लिनच्या फुटपाथवरच्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. नोब्लोख यांचा आक्षेप म्हणून खरा आहे. आणि तरी दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याकडून एकच अपेक्षा दिसते. तुम्ही कितीही घाईत असा, आपला पाय कुठे पडतो आहे याचं भान ठेवा.

व्हेनिसने हीच अपेक्षा पैशांत सांगून टाकली आहे. २०२४ पासून वर्षातल्या ठरावीक दिवशी, रात्री मुक्काम न करता नुसतं पाहून जाणाऱ्यांकडून ते शहर प्रवेशशुल्क घेतं. सुरुवातीला ते पाच युरो होतं. जुन्या व्हेनिसमध्ये आता पन्नास हजारांहून कमी लोक राहतात. घरं पाहुण्यांच्या खोल्या झाली आणि राहणारे निघून गेले. शुल्काने हे थांबेल असं नाही. पण ते भरताना एवढं कळतं की आपण येऊन गेल्याची किंमत कोणीतरी दुसरं मोजत असतं. ‘पाहुणा’ या शब्दाचा ‘पाहणे’शी मुळात संबंध नाही, तो संस्कृत प्राघुणापासून आला. कानाला मात्र दोन्ही शब्द सख्खे वाटतात, आणि ते तसे मानायला हरकत नाही. पाहुण्याने किती दिवस राहावं याचे आपल्याकडे विनोद आहेत. पण एका जेवणापुरता आलेला पाहुणासुद्धा घरात आजारी कोण आहे हे विचारतो.

वेळ हा खरा मुद्दा असता, तर जिथे आपल्याकडे वेळच वेळ आहे तिथे आपण नीट पाहिलं असतं. नवा रायपुरात दोन-दोन वर्षं राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. छत्तीसगड राज्य २००० साली झालं, मग ही राजधानी आखली गेली, २०१२ मध्ये मंत्रालय इथे आलं. रस्ते रुंद, दुभाजकांवर फुलझाडं, सेक्टरांना आकडे. आणि त्या आकड्यांच्या मधूनमधून राखी, उपरवारा, परसदा अशी गावं. परसदाच्या मैदानावर जानेवारी २०२३ मध्ये भारत-न्यूझीलंड सामना झाला. हजारो लोक आले, आणि आपण परसदाला जाऊन आलो असं क्वचितच कोणी म्हटलं असेल. २०२२ च्या जानेवारीत राजधानीसाठी जमिनी गेलेल्या २७ गावांचे शेतकरी इथेच धरण्यावर बसले होते. मोबदला, भूखंड, नोकऱ्या अशा त्यांच्या मागण्या होत्या.

उपरवारात ‘पुरखौती मुक्तांगण’ आहे. २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बस्तरचे नर्तक, वाद्यं, घरं, राज्यातल्या देवळांच्या प्रतिकृती, सगळं एका आवारात. दोन तासांत छत्तीसगड ‘होतं’. मुक्तांगण सुंदर आहे, आणि गोंड किंवा मुरिया हे शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला तिथे नेलंच पाहिजे. पण गावकऱ्यांचे पुतळे पाहून माणूस बाहेर पडतो, गाडीत बसतो, आणि खरं उपरवारा खिडकीच्या काचेपलीकडे राहून जातं. इथे कोणाची बस सुटत नसते, कोणाचा व्हिसा संपत नसतो.

या गावांची आणि बर्लिनच्या दगडांची तुलना मी करत नाही. एका बाजूला वंशसंहार आहे, दुसऱ्या बाजूला जमिनीच्या मोबदल्याचा तंटा. दोन्ही एका तराजूत घालणं दोघांवरही अन्याय होईल. सारखेपणा आहे तो पाहणाऱ्यात. ‘इथे कोण राहत होतं’ हा प्रश्न परक्या शहरात पितळेत कोरलेला दिसला म्हणजे आपण वाकून वाचतो. आपल्या शहरात तो कुठे कोरलेला नाही. इथे तो आपणच विचारावा लागतो. परदेशात अकरा दिवस धावून मला काही मिळालं असेल तर ते हेच, की परत आल्यावर सेक्टरच्या आकड्याखाली गावाचं नाव काय होतं, हे विचारावंसं वाटतं. राखी, उपरवारा, परसदा ही नावं मला तशीच कळली.

म्हणून घाईच्या प्रवासाला मी वाईट म्हणणार नाही. ज्याला अकरा दिवस मिळाले त्याने अकरा दिवसांत सात शहरं जरूर करावीत. कळसाचं दर्शनही दर्शनच असतं. मात्र कळस पाहून आलेला वारकरी गाभारा पाहिल्याचं सांगत नाही. आपणही तेवढंच पाळावं. व्हेनिसचं काय बिनसलं आहे, जर्मन माणसं कशी असतात, युरोपला काय कळत नाही, यावर एका रात्रीच्या मुक्कामाच्या जोरावर निकाल देऊ नयेत. मराठीने त्यासाठी एक नम्र शब्दप्रयोग आधीच तयार ठेवला आहे. बर्लिनला मी जाऊन आले. पाहणं अजून व्हायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं इथे, उपरवाराच्या रस्त्यावर करता येण्यासारखं आहे.