शस्त्राचा हक्क आणि सत्तेची लेखणी

अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार होऊन निष्पाप मुले बळी पडल्याचे वृत्त आले की आपल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘तिथला राष्ट्राध्यक्ष एका आदेशानिशी या बंदुका बंद का करून टाकत नाही?’ प्रश्न करुणेपोटी आलेला असतो, म्हणून त्याला मोल आहे. परंतु त्या देशात लक्षावधी सज्जन, देवभीरू माणसे अशी आहेत की त्यांना असा आदेशच अन्यायाचा वाटतो. त्यांना रक्तपिपासू ठरवून मोकळे होणे सोपे असते. नैतिक विचाराची रीत मात्र निराळी आहे. संत थॉमस अक्वायनस आपल्या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी विरुद्ध बाजूचे आक्षेप मांडतात आणि मगच आपला निर्णय देतात. त्याच रीतीने आपणही हा प्रश्न तपासून पाहू.

शस्त्राच्या हक्काचा कैवार घेणारे प्रथम असे म्हणतात, की स्वसंरक्षणाचा हक्क शासनाने दिलेला नाही. तो जीवनाबरोबरच लाभलेला आहे आणि संविधान त्याला केवळ मान्यता देते. 1791 साली अमलात आलेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण दिले. हा हक्क व्यक्तीचाही आहे, असा निर्वाळा 2008 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. या म्हणण्याचा गाभा ख्रिस्तसभेला परका नाही. प्राणावर बेतले असता हल्लेखोराला रोखणे पाप नव्हे, असे अक्वायनस शिकवतात. इतरांच्या प्राणांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी तर असे संरक्षण हे गंभीर कर्तव्य ठरते, असे आजची कॅथॉलिक धर्मशिकवण सांगते.

दुसरे म्हणणे इतिहासातून येते. शस्त्रे काढून घेणारा हात नेहमीच न्यायी असतो काय? यादवी युद्धानंतर 1865 साली मिसिसिपी राज्याने नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. 1956 च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला, तेव्हा त्यांनी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारण्यात आला. पुढे किंग यांनी स्वेच्छेने शस्त्र दूर केले, ही गोष्ट वेगळी. स्वतः टाकलेले शस्त्र आणि सत्तेने हिरावलेले शस्त्र यांत फार अंतर आहे. या मंडळींच्या लिखाणात गांधीजींचाही दाखला येतो, तो याच संदर्भात. 1878 च्या शस्त्र कायद्याने सबंध राष्ट्राला निःशस्त्र केले, या गोष्टीवर गांधीजींनी 1918 साली कठोर टीका केली होती. ती टीका सैन्यभरतीच्या आवाहनात होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत सबळ आहे आणि ते बंदुकीपेक्षा सत्तेविषयी अधिक आहे. कायदा करणे हे संसदेचे काम, तर तो अमलात आणणे हे राष्ट्राध्यक्षाचे. 1968 चा बंदूक नियंत्रण कायदा आणि खरेदीदाराची पूर्वतपासणी आवश्यक करणारा 1993 चा ब्रॅडी कायदा, हे दोन्ही संसदेच्या मार्गाने आले. सँडी हूकच्या शाळेत 2012 साली 20 मुले आणि 6 प्रौढ मारले गेल्यानंतर पूर्वतपासणी अधिक व्यापक करण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. 2013 च्या एप्रिलमध्ये त्याला 54 मते पडली. हवी होती 60. पुढे 2016 साली ओबामांनी स्वतःच्या अधिकारात काही उपाय योजले. हक्काचे कैवारी विचारतात : संसदेने जे दिले नाही, ते एका माणसाच्या लेखणीने द्यावे काय?

हा आक्षेप केवळ पक्षीय नाही. लास व्हेगासच्या 2017 च्या हत्याकांडात मारेकऱ्याने बंदुकीतून अतिशय वेगाने गोळ्या सुटाव्यात म्हणून ‘बम्प स्टॉक’ नावाची जोडणी वापरली होती. 2018 साली तिच्यावर बंदी घातली ती ट्रम्प यांच्या शासनाने, म्हणजे बंदूकधारकांच्याच लाडक्या नेत्याच्या शासनाने. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ती बंदी रद्द केली. मशीनगनच्या कायदेशीर व्याख्येत ही जोडणी बसत नाही, ती बसवायची असेल तर संसदेने कायदा बदलावा, असा त्या निर्णयाचा आशय होता. 2025 च्या फेब्रुवारीत त्याच ट्रम्प यांनी आधीच्या शासनाच्या शस्त्रविषयक नियमांचा फेरविचार करण्याचा आदेश काढला. एका लेखणीने लिहिलेले दुसरी लेखणी पुसून टाकते. अशा कायद्याच्या आधारावर कोणती माता निर्धास्तपणे आपले मूल शाळेत धाडील?

साध्य चांगले म्हणून साधन चांगले ठरत नाही, ही तर आपलीच शिकवण. तेव्हा या मुद्द्यावर हक्काच्या कैवाऱ्यांचे म्हणणे मान्य करणे भाग आहे. अर्थात राष्ट्राध्यक्षाचा प्रत्येक आदेश म्हणजे बळजोरी नव्हे. सुट्या भागांतून घरी जोडल्या जाणाऱ्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांविषयीचा बायडेन शासनाचा नियम न्यायालयाने 2025 च्या मार्चमध्ये ग्राह्य धरला. असलेल्या कायद्याचा अर्थ लावणे वेगळे आणि नसलेला कायदा निर्माण करणे वेगळे.

पण निवाडा इथे संपत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क ज्या मुळातून फुटतो ते मूळ म्हणजे जीवनाविषयीचे कर्तव्य. आवश्यकतेपेक्षा अधिक बळ वापरले तर तेच संरक्षण अधर्म ठरते, असे अक्वायनस त्याच ठिकाणी बजावतात. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली आणि त्यांतील 26,328 आत्महत्या होत्या. घराच्या रक्षणासाठी आणलेले शस्त्र कितीदा घरातल्याच दुःखी जिवाच्या हाती लागते, हे या आकड्यांवरून उमगावे. मग ते कुलपात ठेवणे, खरेदीदाराची तपासणी स्वीकारणे, हिंसक माणसाच्या हाती ते पडू न देणे, हा हक्कावरचा घाला कसा होईल? 2008 च्या त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी हा हक्क अमर्याद नसल्याचे नमूद केले आहे. घरातील जोडीदाराला ज्याच्यापासून धोका असल्याचे न्यायालयाने ठरवले आहे, अशा माणसाला निःशस्त्र करता येते, असे 2024 साली 8 विरुद्ध 1 मतांनी ठरले.

म्हणून ‘लेखणीने नको, संसदेने करावे’ असे जो म्हणतो, त्याच्यावर एक ऋण चढते. एक दार बंद करणाऱ्याने दुसरे उघडे ठेवले पाहिजे. उवाल्डी येथे 2022 च्या मे महिन्यात 19 मुले आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्यानंतर महिनाभरात दोन्ही पक्षांच्या सभासदांनी मिळून एक कायदा केला. तो अपुरा असेल. पण ते दार उघडते, हे त्याने दाखवून दिले. राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाला तत्त्वासाठी विरोध करायचा आणि संसदेतील प्रत्येक प्रस्तावही हाणून पाडायचा, असे करणाऱ्याचे तत्त्व हे तत्त्व राहत नाही, ती केवळ ढाल होते.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज त्या देशात राहतात, तिथल्या शाळांत जातात. त्यांच्या सुरक्षिततेसाठी आपण प्रार्थना करतो, तेव्हा एखादा बलवान हात यावा आणि एका फटक्यात सारे नीट व्हावे, असे मनात येते. तो मोह समजण्याजोगा आहे. पण मुलांना जपणारी व्यवस्था अनेकांनी एकमेकांचे ऐकून घेत, आपापल्या हक्कातला थोडा वाटा स्वेच्छेने सोडत उभारायची असते. तिला वेळ लागतो. आणि लागलेल्या प्रत्येक दिवसाचा जाब ती लांबवणाऱ्यांना देवापुढे द्यावा लागणार आहे.