यंत्राच्या छातीतला माणूस

जपानी अ‍ॅनिमेमध्ये, म्हणजे तेथील चलच्चित्रमालिकांमध्ये, महाकाय यंत्रमानवांच्या युद्धकथांची एक स्वतंत्र परंपरा असून ती ‘मेका’ या नावाने ओळखली जाते. या यंत्रांचा शस्त्र म्हणून विचार करताना आपल्याकडील शास्त्रग्रंथांची जुनी रीत, म्हणजे आधी पूर्वपक्षाने आक्षेप मांडावा आणि मग उत्तरपक्षाने त्याची छाननी करावी ही रीत, उपयोगी पडते. कारण येथे दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पूर्वपक्षी भूमितीपासून आरंभ करतो. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, एखाद्या देहाची उंची दहापट केली की त्याच्या हाडांचा छेद शंभरपट होतो, पण वजन मात्र हजारपट होते. १.८ मीटर उंचीचा ७० किलोचा माणूस त्याच प्रमाणात १८ मीटरचा केला तर तो ७० टनांचा होईल आणि त्याच्या तळव्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार येईल. योशियुकी तोमिनो यांच्या १९७९ सालच्या ‘मोबाइल सूट गंडम’ या मालिकेतील यंत्र १८ मीटर उंचीचे असून सुसज्ज अवस्थेत त्याचे वजन अवघे ६० टन सांगितले आहे, म्हणजे धातूचे असूनही ते तेवढ्याच उंचीच्या मानवी देहापेक्षा जड नाही. “शिवाय,” पूर्वपक्षी पुढे म्हणतो, “रणगाडा बनवणारे त्याची उंची अडीच मीटरांच्या आसपास ठेवण्यासाठी झटतात, कारण जे उंच ते दुरून दिसते आणि जे दिसते ते टिपले जाते. १८ मीटरवरून पडणारी वस्तू ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटते, तेव्हा असल्या योद्ध्याला शत्रूची गरजच नाही, त्याचा पाय घसरला तरी पुरे. योकोहामा येथे डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात १८ मीटर उंचीचे, २५ टनांचे हलते गंडम लोकांना पाहायला मिळत होते. पण त्यालाही कमरेपाशी मागून आधार द्यावा लागला. जे स्वतःच्या पायांवर उभे राहत नाही, त्याच्या नीतिअनीतीची चर्चा आपण कशासाठी करावी?”

उत्तरपक्षी हे सारे गणित मान्य करतो. कथाकारांनाही ही अडचण ठाऊक होती, म्हणून त्यांनी रडार आंधळे करणारे ‘मिनोव्हस्की कण’ कल्पिले, ज्यांच्यामुळे दूरचा मारा निष्फळ ठरून समोरासमोरची झुंज अटळ होते. परंतु उत्तरपक्षाच्या मते विचाराचा खरा विषय मालिकेच्या पहिल्याच भागात आहे. फिरत्या नळकांड्याच्या आकाराच्या एका अवकाशवस्तीवर शत्रूची ‘झाकू’ यंत्रे चालून येतात आणि अमुरो रे हा १५ वर्षांचा मुलगा गंडममध्ये शिरतो. पहिल्या झाकूला तो तेजःखड्गाने कापतो, तेव्हा त्याची अणुसंमीलन भट्टी, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणारे यंत्र, फुटते, वस्तीच्या भिंतीला भगदाड पडते आणि अमुरोचा स्वतःचा पिताच त्यातून अवकाशात फेकला जातो. दुसऱ्या झाकूच्या वेळी स्फोट टाळायचा, तर खड्ग भट्टीला न लागता चालक बसतो नेमके तेथे खुपसावे लागते. अमुरो तसे करतो. यंत्र कोसळते, वस्ती वाचते, आत बसलेला माणूस मरतो. तर्कशास्त्रात जिला उभयापत्ती म्हणतात, म्हणजे कोणताही पर्याय घेतला तरी दोष चुकत नाही अशी स्थिती, ती हीच होय. आणि मालिकेतील साऱ्या युद्धदृश्यांपेक्षा हा एक क्षण अधिक विचारार्ह आहे.

“मग माणसालाच बाहेर काढावे,” पूर्वपक्षी सुचवतो. “छाती रिकामी असली की तेथे खड्ग खुपसण्यात पाप उरणार नाही.”

हा उपाय या परंपरेत आधीच येऊन गेला आहे, याकडे उत्तरपक्षी लक्ष वेधतो. मित्सुतेरू योकोयामा यांनी १९५६मध्ये आरंभलेल्या ‘तेत्सुजिन २८-गो’ या चित्रकथेतील यंत्रमानव जपानी सैन्याने महायुद्धाच्या अखेरीस गुप्त शस्त्र म्हणून योजलेला असतो आणि तो दूरनियंत्रणाने चालतो. नियंत्रणाची पेटी शोतारो या मुलाच्या हाती असेतो यंत्र रक्षण करते, पण ती चोरीला गेली की तेच यंत्र तितक्याच निष्ठेने चोराची आज्ञा पाळते.

यावर पूर्वपक्षी जो आक्षेप घेतो तो या वादातील सर्वांत वजनदार आहे. “शस्त्राला विवेक असावा म्हणून आपण त्यात मूल बसवणार काय? बालहक्कांच्या १९८९च्या आंतरराष्ट्रीय संहितेने १५ वर्षांखालील मुलांना प्रत्यक्ष लढाईत उतरवण्यास मनाई केली आणि २०००च्या पूरक करारात ती मर्यादा १८वर नेली. अमुरो १५ वर्षांचा, तर हिदेआकी आन्नो यांच्या १९९५च्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’मधील शिंजी १४ वर्षांचा आहे.”

उत्तरपक्षी येथे माघार घेतो, आणि ती घेणेच योग्य आहे. मुलाला आत बसवणे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही; चालक प्रौढ असावा, हवे तर दूरही बसावा, एवढे तो मान्य करतो. मात्र एक गोष्ट तो सोडत नाही, ती म्हणजे चालकाच्या नकाराची शक्ती. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या स्वपक्षाच्याच यंत्रात एक मूल अडकले आहे हे कळल्यावर शिंजी प्रहार करण्याचे नाकारतो. तेव्हा सेनापती, जो त्याचा पिताही आहे, चालकाला वगळून यंत्र परस्पर चालवणारी ‘डमी’ प्रणाली सुरू करवतो. यंत्र आता कमालीचे कार्यक्षम होते, समोरच्या यंत्राच्या चिंधड्या करते आणि आतल्या मुलाची कुपी मुठीत चिरडते. उंची, वजन, भट्टी हे सारे दोष अभियंत्यांनी उद्या दूर केले तरी चालकाचा नकार मोडून काढणारी अशी कळ ज्या शस्त्रात आहे ते शस्त्र बनवू नये, असा निर्णय उत्तरपक्षी देतो, आणि पूर्वपक्षी त्याला हरकत घेत नाही. त्या प्रसंगी शिंजी यंत्राच्या आतच होता; तो ओरडत होता, नियंत्रणाचे दांडे ओढत होता, आणि यंत्र थांबत नव्हते.