आधी जुना रंग ओळखावा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत पृथ्वी आहे, अजगर आहे, मधमाशी आहे, तसा बाण घडवण्यात तल्लीन झालेला कारागीरही आहे. हाताने काम करणाऱ्याकडूनही परमार्थ शिकता येतो, हेच त्यातून दिसते. म्हणून गॅरेजमधल्या पेंटरची गोष्ट इथे सांगायला मला संकोच वाटत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढली. त्यांच्याच नावाचे वालचंदनगर आपल्या या तालुक्यात, त्यामुळे गृहस्थांचा गाडीवर भारी जीव. दत्तजयंतीआधी तिला नवा रंग द्यायचा आणि तिच्यातूनच गाणगापूरला जायचे, असा त्यांचा बेत. बारामतीत एकाने वरवर घासून ड्युको मारला. हात सफाईदार, रंगही चांगला. पण थोड्याच वेळात बॉनेटवरचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला!

मग एका म्हाताऱ्या पेंटरला दाखवले. त्याने काय केले? थिनरमध्ये फडके भिजवले आणि दाराच्या आतल्या कडेला, जिथे नवा रंग लागला नव्हता तिथे, धरून ठेवले. म्हणाला, "साहेब, रंग फडक्याला आला तर खाली ड्युको. सुरकुतला तर ऑइलपेंट. काहीच झालं नाही तर भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग." इथे रंग सुरकुतला. आधीच्या मालकाने स्वस्तात ऑइलपेंट मारून घेतला होता.

कारण सरळ आहे. ड्युको नुसता थिनर उडून वाळतो. ऑइलपेंट हवेतला प्राणवायू घेत सावकाश वाळतो. वरून कोरडा दिसला तरी ड्युकोचा कडक थिनर आत शिरला की तो फुगतो आणि पत्रा सोडतो. खालचाच थर उचलला गेल्यावर वरचा कसा टिकणार? मग सगळे खरवडून पत्र्यापर्यंत जायचे, प्रायमर, पुट्टी, सरफेसर, वॉटर पेपर, आणि शेवटी रंग. चार दिवसांचे काम तीन आठवड्यांवर गेले.

मंडळी, आपणही दरवर्षी मनाला नवा रंग देतो. गुरुचरित्राचा सप्ताह बसवतो, सोवळे पाळतो, गुरुवार धरतो. पण खाली काय आहे, हे फडके लावून कोण बघतो?

काही रुसवे ड्युकोसारखे असतात, प्रेमाच्या एका शब्दाने विरघळतात. काही संस्कार भट्टीत भाजलेले असतात, आजीने लावलेल्या शुभंकरोतीसारखे. ते खरवडू नयेत, नुसते घासून घ्यावेत, नवा रंग त्यावर छान धरतो. अवघड आहे तो तिसरा प्रकार, वरून वाळलेला आणि आतून कच्चा. "माझ्या मनात आता काही नाही हो," असे जिथे आपण फार ठासून सांगतो, तिथेच हा रंग असतो.

याच गृहस्थांचा सख्ख्या भावाशी नीरा डाव्या कालव्याच्या पाळीवरून नऊ वर्षे अबोला होता. पारायण मात्र एकही वर्ष चुकले नव्हते. गाडी खरवडून होईपर्यंत ते रोज गॅरेजात बसत. काय मनात आले कोण जाणे, एका संध्याकाळी ते बांध ओलांडून भावाच्या दारात गेले. भाऊ फार बोलला नाही. पण आत वळून म्हणाला, "दादा आलाय, चहा टाक." पाण्याचा वाद अजून मिटलेला नाही. पण त्या वर्षी पोथी ऐकायला भाऊ शेवटच्या दिवशी येऊन बसला.

बँकेत आम्ही नवी वही उघडली की पहिल्या ओळीत मागील बाकी लिहीत असू. ती न लिहिता कितीही सुबक नोंदी केल्या तरी ताळा जमत नसे. सप्ताहाच्या संकल्पाचेही तसेच आहे.

तेव्हा यंदा पोथी पाटावर ठेवण्याआधी एक दिवस मोकळा ठेवा. कोणाचे नाव काढले की मन सुरकुतते, ते बघा. आणि पायांत बळ आहे तोवर त्या दारी जाऊन या. आपल्या वयाला हे काम पुढच्या वर्षावर टाकता येत नाही.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥