पानफुटीचा गुण

आमच्या माणदेशातल्या घरामागं, न्हाणीचं पाणी जिथं मुरायचं तिथं, पानफुटी माजलेली असायची. तिला मुद्दाम पाणी घालायला कुणी जात नसे. १९७२ च्या दुष्काळात गोठा रिकामा झाला, न्हाणीचं पाणीही आटलं, तरी जाड पानांच्या जिवावर ती तग धरून राहिली. पान मातीत पडलं की काठाच्या खाचांतून पिल्लं फुटायची. आम्ही पोरं पान पुस्तकात दडवून ठेवायचो. काही दिवसांनी धड्याच्या पानावर पांढरी मुळं दिसायची.

आजीचं ते औषधाचं कपाट. गळू झालं, पायाला खुरपं लागलं, की पान विस्तवावर शेकून, ठेचून बांधायची. घायमारी हे तिचं दुसरं नाव त्यातूनच आलेलं. मुतखड्याला सकाळी अनशापोटी दोन पानं चावायला लावायची. तिचे दंडक दोन. तिन्हीसांजेला पान तोडायचं नाही, झाड झोपतं. आणि औषधाचा पैसा घ्यायचा नाही. “पैसा घेतला की गुण जातो, बाळा.”

पहिल्या दंडकाचं मर्म मला कॉलेजात कळलं. हे झाड रात्री हवा आत घेऊन आम्ल साठवतं आणि दिवसा उन्हात ते वापरून टाकतं. म्हणून पहाटेचं पान आंबट, दुपारचं बेचव. बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतातच पान चावून हे टिपलं. ते १८१५ साली छापून आलं. म्हणजे झाड रात्री झोपत नव्हतं, उलट कामाला लागत होतं. आजीचं कारण चुकलं होतं, पण वेळेपरत्वे पान बदलतं हे तिच्या जिभेनं ओळखलं होतं.

दुसऱ्या दंडकाचा विचार मात्र अजून संपत नाही.

एकदा शेजारचे तात्या कुशीत कळा येतात म्हणून आले. आजीनं पानं दिली. दोन दिवस बरं वाटलं, मग थंडी वाजून ताप आला. आजीनं आणखी पानं दिली. आठव्या दिवशी त्यांना तालुक्याला न्यावं लागलं. खडा अडकून आत पू झाला होता. तात्या वाचले, पण एक मूत्रपिंड काढावं लागलं.

गावात कुणीच आजीला बोल लावला नाही. “म्हातारीनं काय पैसं घेतलं व्हतं व्हय?” असंच जो तो म्हणाला. तात्यांची बायको तर स्वतः येऊन म्हणाली, “आत्याबाई, तुमचा काय दोष? आमचं नशीब.”

ती गेल्यावर आजी कितीतरी वेळ चुलीपुढं बसून होती. मग म्हणाली, “पैसं घेतलं असतं तर तिनं मला शिव्या तरी घातल्या असत्या. आता कुणी इचारतच न्हाई. मग माझं मीच इचाराय पायजे न्हवं?”

फुकट देणाऱ्याला जग मोठी सूट देतं. गुण आला तर पुण्य त्याचं, नाही आला तर नशीब रोग्याचं. असा सौदा कुठल्या सावकारालाही जमत नाही. आजीनं ती सूट नाकारली. पुस्तकातला धर्म तिला ठाऊक नव्हता. पण आपण मोल घेतलं नाही म्हणून समोरच्यानं मोजलेली किंमत कमी होत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिनं पानं देणं बंद केलं नाही. जखमेला, गळवाला देतच राहिली. पण कुशीत दुखतंय म्हणून कोणी आलं की आधी विचारायची, “ताप हाय का? लघवी अडलीया का?” हो म्हटलं, तर पान नाही. पदराची गाठ सोडून एस्टीच्या तिकिटाचे पैसे हातावर ठेवायची. औषधाचा पैसा तिनं कधी घेतला नाही; आता द्यायला मात्र लागली.

आज माझ्या गॅलरीतल्या कुंडीत त्याच पानफुटीचं रोप आहे. परवा सोसायटीतले एक गृहस्थ मुतखड्यासाठी पान मागायला आले. माझा हात कुंडीकडं गेला होता. तो तसाच मागं घेतला आणि म्हणालो, “बसा आधी. ताप आहे का?”